वापीत पाणी किती?

नातवाने विचारले, "आजोबा, पोहण्याच्या तलावात पाणी किती मावतं?" तिथे भिंती सरळ, लांबी, रुंदी, सरासरी खोली गुणली की झाले. पण मला भास्कराचार्य आठवले. त्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) एक वापी आहे: तोंड १२ बाय १० हात, तळ ६ बाय ५, खोली ७. तोंडाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३०, आणि दोन्हीकडच्या लांबी-रुंदींच्या बेरजा १८ व १५, त्यांचा गुणाकार २७०. एकूण ४२०, भागिले ६, गुणिले ७, उत्तर ४९० घनहस्त. किती सुरेख!

मी मात्र वर्गात तोंड-तळाच्या क्षेत्रफळांची नुसती सरासरी शिकवत असे. त्याने ५२५ येतात. विहिरी खणणाऱ्याचा एक मुलगा म्हणाला होता, "गुरुजी, एवढं पाणी मावत न्हाई." मी त्याला खाली बसवले.