दिवसाला एक मिलिमीटर

मागच्या महिन्यात दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर नव्या महाराष्ट्र सदनात जेवायला गेलो होतो. जुने दिल्लीकर या रस्त्याला अजून कर्झन रोडच म्हणतात. तिथे माझ्या पलटणीतले एक सुभेदार भेटले, साताऱ्याकडचे. मुलगा मोटारसायकलवरून पडला, खांद्याजवळच्या नसांना मार बसला. चार महिने झाले, हात नुसता लोंबतोय. कुणीतरी पेशींची इंजेक्शनं सांगितली आहेत. "साहेब, रान विकावं लागंल. विकू का?"

मी डॉक्टर नाही. पण या प्रश्नाचा इतिहास मी वाचलाय, कारण तो निम्मा आमच्याच पेशातला आहे. (आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो. इथे नस म्हणजे चेतातंतूंची जुडी.)

१८५० मध्ये ऑगस्टस वॉलरने बेडकाच्या जिभेची नस कापून पाहिलं, तर तुटलेल्या जागेपुढचा तंतू मरतो. अमेरिकन यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात वेअर मिचेल यांनी गोळी लागलेल्या सैनिकांच्या नसा अभ्यासल्या आणि १८६४ मध्ये सहकाऱ्यांसह त्यावर पुस्तक काढलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या झ्युल टिनेल यांनी एक साधी खूण सांगितली: नसेवर टिचकी मारा, जिथे मुंग्या येतात तिथवर नवा तंतू पोचलाय.

ही खूण मी स्वतः पाहिली आहे. माझ्या एका जवानाच्या दंडात स्प्लिंटर घुसलं, मनगट खाली पडलं. लष्करी रुग्णालयातले मेजर दर भेटीत टिचकी मारत आणि पेनाने खूण करत. महिन्याला साधारण इंचभर. म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. खांद्यापासून बोटांपर्यंत हिशेब करा, दोन वर्षं होतात. तोवर स्नायू वाट पाहत नाही, वर्ष-दीड वर्षात तो कामातून जातो. सगळी अडचण या हिशेबात आहे.

तंतूला वाट दाखवतात त्या श्वॉन पेशी. (श्वान नव्हे! थिओडोर श्वॉन हे जर्मन शास्त्रज्ञ.) नस तुटली की याच पेशी मोडतोड साफ करतात, रांगेत उभ्या राहतात, वाढीची रसायनं सोडतात. अंतर मोठं असेल तर सर्जन पोटरीतली नस काढून मधे जोडतात. पोटरीतली नस देऊन हात मिळवायचा, पण तिथली संवेदना जाते. म्हणून विचार आला की पेशीच वाढवून का टाकू नयेत?

आपल्याकडे या पेशींची ओळख कुष्ठरोगाने करून दिली, कारण त्याचा जंतू नेमका त्यांच्यातच घर करतो. कस्तुरबा सेवाग्रामात राहत होत्या, तिथेच १९४० च्या सुमारास गांधीजी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करत. पुढे डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्यात आणि मुंबईत जे.जे.मध्ये कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या. १९७५ मध्ये त्यांनी वरळीत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च उभारलं, तिथे कुष्ठरोगातल्या नसेवर पुष्कळ काम झालं. प्लास्टिक सर्जन असून हा माणूस पेशीपर्यंत गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं. २०१३ मध्ये एडिनबरोच्या अनुरा रामबुक्कना यांच्या गटाने उंदरांच्या पेशींवर दाखवलं की कुष्ठरोगाचा जंतू श्वॉन पेशीला चक्क मूळपेशीसारखी बनवतो आणि त्या वाटेने पसरतो. शत्रूने आपलीच तुकडी फोडावी तसं.

माणसावरचा प्रयोग मायामीत झाला. मांडीतली मोठी नस तुटलेल्या दोन रुग्णांना पोटरीची नस जोडली आणि सोबत त्यांच्याच श्वॉन पेशी वाढवून दिल्या. त्याचा अहवाल २०१७ चा. दोघांत सुधारणा दिसली, पण ती नस जोडल्यामुळे की पेशींमुळे, हे दोन माणसांवरून कसं सांगणार? शस्त्रक्रिया तर झालीच होती. नुसत्या इंजेक्शनवर त्यांना सोडलं नव्हतं. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या आजारांसारखे मोजके मान्य उपयोग सोडले तर मूळपेशींचे उपचार प्रयोग म्हणूनच धरलेत. आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात.

सुभेदारांना मी एवढंच विचारलं, "नसांच्या सर्जनला दाखवलंत का?" नव्हतं दाखवलं. चार महिने झाले होते, आणि अशी जोडणी पहिल्या सहा महिन्यांत झालेली बरी. "रान राहू द्या, आधी गाडी पकडा," म्हटलं. परवा त्यांचा फोन आला, तपासणी झाली, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे.