पट्टा कोणाचा, जिना कोणाचा

मुंबईत मोकळ्या कुत्र्यांच्या बंदोबस्तासाठी १८१३ सालीच नियम झाला होता. उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत शहरात बेवारशी फिरणारी कुत्री मारून टाकावीत, असे त्याचे स्वरूप होते. उन्हाने कुत्री पिसाळतात, हा त्या काळचा समज त्यामागे होता. या नियमापुढे प्रश्न एकच होता: कुत्रा कोणाचा? धनी असेल तर तो वाचणार, नसेल तर मरणार. कुत्रा कुठे फिरतो, कोणाच्या दारात बसतो, कोणाची वाट अडवतो, हे त्यात कुठेच येत नव्हते. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे कायदा याच पहिल्या प्रश्नाभोवती फिरत राहिला. एकाच गॅलरीत आणि एकाच जिन्यावर राहणाऱ्यांची अडचण मात्र बहुतेक वेळा जागेची होती.

ही अडचण १८३२ साली चव्हाट्यावर आली. त्या वर्षी मारण्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवण्यात आली. दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने मारणाऱ्यांना धीर धरवेना. ते घरांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेतात, अशा तक्रारी होऊ लागल्या. ६ जूनला कोटात पारशांच्या जमावाने कुत्री मारत फिरणाऱ्या शिपायांना गाठून मारहाण केली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली, आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले. पारशांच्या अंत्यविधीत मृताचा देह कुत्र्याला दाखवण्याचा ‘सगदीद’ हा संस्कार असतो, त्यामुळे कुत्र्याची हत्या त्यांना सहन होणारी नव्हती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा मार्ग पुढे आला. इतिहासात हा दंगा धर्मभावनेचा म्हणून नोंदला जातो, आणि ते खरेच आहे. पण त्यात उंबऱ्याचाही वाद होता, हे विसरता कामा नये. गळ्यात पट्टा नाही, तरी रोज त्याच ओट्यावर भाकरी खातो आणि तिथेच झोपतो, अशा कुत्र्याला बेवारशी म्हणायचे की घरचा? सरकारी नियमात याचे उत्तर नव्हते.

उत्तर देण्याचा पुढचा प्रयत्न कागदाने झाला. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २८९ नुसार आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी खबरदारी न घेणे हा गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील कलम १९१ अ प्रमाणे कुत्रा पाळण्यासाठी परवाना लागतो. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने चावऱ्या कुत्र्याला मुसके न बांधता रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी मोकळे सोडण्यास मनाई केली. त्या कायद्यातली ‘सार्वजनिक जागे’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तिच्यात समुद्रकिनारा आहे, सार्वजनिक इमारतींचे आवार आहे, लोक पाणी भरायला, धुवायला, अंघोळीला किंवा विरंगुळ्याला येतात त्या जागा आहेत. खासगी इमारतीचा जिना तिच्यात नावाने कुठेच नाही.

आणि मुंबईकर तर जिन्यावरच राहत होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार मंडळाने चाळी बांधल्या, आणि १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकेका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामायिक, आणि सगळ्यांची ये-जा एकाच बोळातून. ज्या खोलीत सहा-आठ माणसांना पाय पसरता येत नव्हते, तिथे कुत्रा बांधणार कुठे? म्हणून चाळीत एकाच्या नावाचा कुत्रा क्वचित. असायचा तो चाळीचा कुत्रा. एक बिऱ्हाड त्याला शिळी पोळी घाली, दुसरे जिन्याखाली गोणपाट टाकी, आणि रात्रपाळीहून परतणाऱ्याला तो ओळखे. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री पाहत वाढलेल्या घरांत त्याला दगड मारणे पापच होते. पण हाच कुत्रा एखाद्या पोराच्या पोटरीला डसला की सगळे त्याला पोसणारे असले तरी धनी कोणीच नसे. जबाबदारी घेणारे माणूस शोधणे ही या भांडणांची खरी अडचण होती.

त्या डसण्याची किंमत आज लक्षात येणे अवघड आहे. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत १९११ साली तयार केलेली लस भारतात पुढे नव्वदेक वर्षे वापरात होती. ती पोटात टोचत आणि एकामागून एक अशी चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. ‘पोटात चौदा’ ही धास्ती दोन-तीन पिढ्यांनी अंगावर बाळगली. सामायिक बोळात मोकळ्या कुत्र्याला बिचकणाऱ्या माणसाला भित्रा म्हणणारे हा इतिहास विसरतात.

गृहनिर्माण सोसायट्यांनी चित्र बदलले. गावदेवीतील सारस्वत सोसायटी १९१५ ची. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांनंतर हा प्रकार शहरभर पसरला. आता जिना, आवार, गच्ची यांचा देखभालखर्च सभासद देऊ लागले, आणि कुत्र्यालाही एक ठरावीक सदनिका मिळाली. धनी कोण, हा जुना प्रश्न इथे सुटला, आणि जागेचा प्रश्न उघडा पडला. त्यातच लिफ्ट आली. गॅलरीत कुत्रा दिसला तर अंग चोरून बाजूने जाता येते. लिफ्टमध्ये बाजू नसते. कुत्र्यांना लिफ्टबंदी, कुत्रा पाळणाऱ्यांकडून जादा आकार, कधी कुत्रा पाळण्यालाच मनाई, असे ठराव सोसायट्यांच्या सभांत होऊ लागले.

कायद्याचे वळण मात्र दुसऱ्या दिशेचे होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हीसुद्धा क्रूरता आहे. म्हणजे मालकाने कुत्रा बाहेर काढलाच पाहिजे, आणि बाहेरची पहिली जागा शेजाऱ्याचीही असते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली परिपत्रक काढून स्पष्ट केले की बहुमताच्या ठरावानेही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही. त्याच परिपत्रकात मालकांना सामायिक जागेत कुत्रा पट्ट्याने धरून ठेवण्याचा सल्ला आहे. पहिला भाग सभांमध्ये मोठ्याने वाचला जातो; दुसऱ्या भागाला तेवढाच मान मिळायला हवा.

भटक्या कुत्र्यांबाबत मुंबईत मारण्याची पद्धत १९९० च्या दशकात थांबली, आणि २००१ च्या नियमांनी नसबंदी व लसीकरणाचा मार्ग देशभर लागू झाला. त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांत अखेर जिना आला. वसाहतीतील कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा जिने, ये-जा करण्याची दारे आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा यांपासून दूर असावी, वेळ ठरलेली असावी, आणि मतभेद झाल्यास पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस व प्राणिमित्र संस्थेचा प्रतिनिधी असलेल्या समितीपुढे जावे, असे नियम २० सांगतो. हा नियम आहे मात्र सामायिक कुत्र्यांसाठी. शेजाऱ्याच्या पाळीव कुत्र्याला दंड संहितेतले जुने कलम २८९ च लागू होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २९१ म्हणून आले आणि दंडाची मर्यादा पाच हजार रुपये झाली.

ते कलम सामायिक जागेत कसे चालते, हे वरळीच्या एका खटल्यात दिसले. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या इमारतीत एक रहिवासी आपल्या लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होता. मूल कुत्र्याला घाबरते, थोडे थांबा, अशी विनंती त्याने हस्की घेऊन आलेल्या शेजाऱ्याला केली. शेजाऱ्याने कुत्रा आत ओढला आणि तो त्या रहिवाशाच्या हाताला चावला. घटना जुनी असल्याने खटला जुन्या संहितेखालीच चालला. मे २०२५ मध्ये दंडाधिकारी न्यायालयाने कुत्र्याच्या मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी आणि चार हजार रुपये दंड ठोठावला. मालकाने लिफ्टमध्ये आपल्या कुत्र्यालाही दया दाखवली नाही, याचीही न्यायालयाने नोंद घेतली.