रात्रींचा रस्सा आणि सकाळची न्याहारी

मराठी भाषेंत उरलेल्या अन्नास एकच शब्द पुरत नाहीं. चुलीवरच्या भांड्यांत राहिलें तें उरलेलें. रात्र ओलांडून सकाळीं पानांत आलें तें शिळें. दुसऱ्याच्या ताटांत राहिलें तें उष्टें. आणि भांड्यास चिकटून घासतांना सुटतें तें खरकटें. परक्यास हे चारही शब्द जवळजवळ एकाच अर्थाचे वाटतील. महाराष्ट्रांतील माणसास मात्र त्यांतील अंतर समजावून सांगावें लागत नाहीं. शिळें खाण्यांत काटकसर आहे. उष्टें खाण्यांत एक तर जिव्हाळा आहे किंवा अपमान आहे. मटणाच्या उरलेल्या रश्श्यासारख्या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूचा इतिहास पाहूं लागलें कीं हें अंतर वारंवार आडवें येतें.

धुळें जिल्ह्याच्या शिंदखेडें तालुक्यांत, तापीच्या दक्षिणेस, नरडाणा हें गांव आहे. मुंबई-आग्रा रस्ता येथून जातो आणि सुरतेकडून जळगांवकडे जाणाऱ्या तापी खोऱ्यांतील लोहमार्गाचें येथें स्टेशन आहे. एकोणिसावें शतक संपतां संपतां हा लोहमार्ग घातला गेला. पण वाटसरूंची रहदारी त्याहून पुष्कळ जुनी. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा व्यापारी मार्ग नंदुरबार, थाळनेर, चोपडें असा याच टापूंतून जात असे, आणि सतराव्या शतकांत ताव्हर्निये नांवाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानें त्यावरील मुक्कामांची यादी करून ठेविली आहे. अशा वाटेवरच्या प्रदेशांत पाहुणा सांगून येत नाहीं. खानदेशी रस्सा इतका पातळ व इतका तिखट कां, याचें निम्में उत्तर येथेंच असावें. पाहुणा आयत्या वेळीं दारांत उभा राहिला तर मांस वाढवितां येत नाहीं. पाणी वाढवितां येतें.

भाकरी या प्रांतांत प्राचीन आहे. अबुल फजलानें ऐने-अकबरींत खानदेशच्या सुभ्याचें वर्णन करतांना ज्वारी हें येथील मुख्य पीक म्हणून सांगितलें असून कांहीं ठिकाणीं तें वर्षांतून तीनदां निघतें असेंही लिहिलें आहे. त्याच ग्रंथांत बादशाही मुदपाकखान्यांतील मांसाच्या अनेक पाकक्रिया आहेत. त्यांत तिखटपणासाठीं मिरें आहे. मिरचीचें नांव नाहीं. मिरची ही अमेरिकेची. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली व मग हळूहळू घाट चढून आंत आली. सुकें खोबरेंही खानदेशांत पिकत नाहीं. तें किनारपट्टीकडून यावयाचें. तेव्हां अकबरानें १६०१ सालीं असीरगड घेऊन फारुकी राज्य बुडविलें त्या वेळीं, आज ज्यास अस्सल व पुरातन खानदेशी म्हणून वाखाणतात तो काळा रस्सा या रूपांत घरोघर शिजत नसावा. ‘मटण’ हा शब्द तर त्याहूनही अलीकडचा, इंग्रजांचा. त्यांच्या भाषेंत तो मेंढराच्या मांसास लागतो. इकडे तो बोकडास चिकटला.

या रश्श्याचा जीव मांसांत नसून वाटणांत आहे. अख्खा कांदा निखाऱ्यांत काळा होईपर्यंत भाजतात. खोबऱ्याची वाटी विस्तवावर धरून तेल सुटूं लागलें कीं काढतात. धने, लवंग, दालचिनी, दगडफूल, लाल मिरची तेलावर परततात आणि आलें-लसूण घालून हें सर्व पाट्यावर गंधासारखें वाटतात. मिक्सर आला तरी पाट्यावरच्या वाटणाची आठवण काढणारीं माणसें अजून आहेत, आणि त्यांचें म्हणणें सर्वस्वीं हट्टाचें नाहीं; चिरडलेल्या मसाल्याचें तेल व कापलेल्या मसाल्याचें तेल यांच्या सुटण्यांत फरक पडतो. मांस रोज शिजणारी वस्तु नव्हती. धुळवड, नवसाचा बोकड, जांवयाचें येणें असे मोजके प्रसंग असत. त्या दिवशीं पातेलें भरून रस्सा होई, फोडी थोड्या असत, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तळाशीं जें राही तें बहुतेक नुसतें रसाचें धन असे.

त्याचें काय करावयाचें हें कोणी कोणास शिकवीत नसे. सर्वांत सोपा व सर्वांत जुना प्रकार म्हणजे काला मोडणें. रात्रभरांत रश्श्यावर चरबीचा थर थिजलेला असतो. तो न काढतां भांडें चुलीवर ठेवून रस्सा चांगला खळखळ उकळूं द्यावा आणि निम्म्यावर आणावा. हाडाला राहिलेलें मांस बोटांनीं सोडवून त्याचे दोरे मोकळे करावे व परत रश्श्यांत टाकावे. मग रात्रींची ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी ताटांत बारीक कुस्करून तिच्यावर हा दाट रस्सा पळीपळीनें ओतावा. येथें भाकरी शिळीच हवी. ताज्या भाकरीचा रश्श्यांत चिखल होतो. शिळी कोरडी झालेली असते, ती रस पिते आणि तरी दाण्यानें मोकळी राहते. वर कच्चा कांदा व लिंबाची फोड. शेतावर निघालेल्या माणसास दुपारपर्यंत दुसरें कांहीं लागत नाहीं.

दुसरा प्रकार त्याहून नीटस. रस्सा आटवीत आटवीत पळीला चिकटेल इतका घट्ट करावा, त्यांत तेच मोकळे केलेले दोरे व चिरलेला कांदा मिसळावा, आणि कणकेच्या पोळींत सारण म्हणून भरून, कडा दुमडून, तव्यावर तेल सोडून दोन्ही अंगांनीं खरपूस भाजावें. शाळेच्या डब्यास हें उत्तम. गळत नाहीं, सांडत नाहीं. ज्यास एवढीही सवड नाहीं त्यानें उकळत्या रश्श्यांत दोन अंडीं फोडून सोडावीं व झांकण ठेवावें. आणि मांसाचा एक तंतुही उरला नसेल तर बेसनाचे लहान गोळे त्यांत सोडून शिजवावे. डुबुक वडे म्हणून खानदेशांत जो पदार्थ प्रसिद्ध आहे त्याचीच ही रीत. डुबुक वडे, पातोड्या, शेवभाजी हे सर्व मांस न खाणाऱ्यांचे पदार्थ खरे, पण त्यांचा काळा रस्सा आणि मटणाचा रस्सा हे सख्खे भाऊ आहेत; वाटण तेंच, तर्री तीच. नरडाण्यावरून जाणाऱ्या महामार्गाच्या या पट्ट्यांतील धाब्यांवर शेवभाजी मागणाऱ्या प्रवाशास हें नातें चवीनेंच कळतें.

शिळ्या रश्श्याची चव ताज्याहून बरी लागते, हा केवळ जिभेचा भ्रम नव्हे. मसाल्यांतील सुगंधी अंश बहुतांशीं पाण्यापेक्षां तेलांत अधिक विरघळतात व रात्रभरांत ते सर्वत्र मुरतात. हाडांतून व सांध्यांतून उतरलेला चिकट अंश थंड झाल्यावर रश्श्यास अंग आणतो. शास्त्रकारांनाही या स्निग्धपणाचें महत्त्व ठाऊक होतें. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत शिळें व उष्टें अन्न तामस लोकांस प्रिय असतें असें म्हटलें आहे. उलट मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत तेलातुपानें युक्त असें भक्ष्य शिळें झालें तरी खाण्यास हरकत नाहीं, अशी सवलत आहे. श्रावणांतील शिळासप्तमीस तर आदल्या दिवशींचें अन्न खाणें हेंच व्रत आहे. अर्थात् श्रावणांत रश्श्याचें नांव कोण काढतो!

तथापि तेलाचा थर म्हणजे अभयपत्र नव्हे. तो धूळ व हवा दूर ठेवतो, पण हवेवांचून वाढणारे जंतु त्याच्या खालींच सुखानें राहतात. त्यांचीं बीजें शिजवण्यानें मरत नाहींत, आणि मोठें पातेलें सावकाश निवत असतां तीं पुन्हां जागीं होतात. कांहीं जंतूंचें विष तर नंतर कितीही उकळलें तरी जात नाहीं. खानदेशांत मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. जुन्या बायका हिवाळ्यांतला रस्सा ठेवीत आणि उन्हाळ्यांतला रात्रींच संपवीत, त्यांत अनुभवाचें शहाणपण होतें. आजच्या आरोग्यशास्त्राचें सांगणें इतकेंच कीं शिजलेलें मांस दोन तासांहून अधिक उघड्यावर राहूं नये, लहान भांड्यांत काढून लवकर निववावें, शीतकपाटांत ठेवावें, व खातांना कोंबट न करतां पुरतें उकळावें.

ही युक्ति एकट्या खानदेशाची नाहीं. गोव्यांत आदल्या दिवशींच्या माशाच्या आमटीस ‘कालची कोडी’ असें स्वतंत्र नांवच आहे. ती मंद विस्तवावर आटवून सकाळीं पेजेबरोबर किंवा पावाबरोबर खातात. तेथेंच संध्याकाळच्या गाड्यांवर ‘रॉस ऑम्लेट’ मिळतें. ताज्या ऑम्लेटवर कोंबडीच्या शागुतीचा नुसता रस ओतावयाचा, वर कांदा-लिंबू, बाजूस पाव. रॉस म्हणजे रसच. फोड नाहीं, हाड नाहीं, केवळ रस्सा, आणि त्यासाठीं माणसें गाड्यापुढें उभीं राहतात! पाव पोर्तुगीजांचा, मिरची त्यांनींच आणलेली, बाकी सर्व इथलें. हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या बंगल्यांवर आदल्या दिवशींचें भाजलेलें मांस कांदा-मिरचीवर पुन्हां परतून वाढीत, त्यास जालफ्रेझी म्हणत. आणि त्यांच्या मायदेशीं उरलेलें मांस बारीक करून त्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजण्याची चाल आहे. साहेबाच्या टेबलावर गेलें कीं शिळ्यासही नवें नांव मिळतें.

परंतु सर्वांच्या शिळ्यास असें नांव मिळालें नाहीं. महाराष्ट्राच्या गांवगाड्यांत महार, मांग इत्यादि जातींच्या श्रमाचा मोबदला बलुत्याच्या रूपानें दिला जाई, आणि त्यांत दारोदार फिरून मागून आणावयाची भाकरीही मोडत असे. ती भाकरी पुष्कळदां शिळी असे व तिच्यावर कालवणाचा जो थेंब पडे तो घरधन्याच्या मर्जीचा. येथें आरंभीं सांगितलेलें अंतर किती खोल आहे तें ध्यानांत येतें. आपल्या चुलीवरचें आपण दुसऱ्या दिवशीं खाल्लें तर ती काटकसर. दुसऱ्यानें नको म्हणून दिलेलें हक्क म्हणून स्वीकारावें लागलें तर ती गुलामगिरी. १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मृत जनावरांचें मांस व टाकलेले शिळे तुकडे सोडून देण्याविषयीं आपल्या बांधवांस निक्षून सांगितलें. त्यांचा रोख अन्नावर नव्हता, तें ज्या हातानें पडतें त्या हातावर होता. १९५८ च्या कायद्यानें मुंबई राज्यांतील कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें रद्द झालीं आणि त्या भाकरीचा कायदेशीर आधारही गेला.

या जातींनीं स्वतःच्या चुलीवर काय रांधलें, मांस उन्हांत वाळवून त्याच्या चान्या कशा केल्या, एका वाट्याच्या रश्श्यावर किती माणसें जेवलीं, हें मात्र छापील पाकशास्त्रांत फार काळ आलें नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचें. लक्ष्मीबाई धुरंधरांचें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचें, आणि त्यांत मुंबईच्या पाठारे प्रभु घरांतील मांसाहारी पदार्थही आहेत. तरी मराठवाड्यांतील महार-मांगांच्या स्वयंपाकाची सविस्तर नोंद होण्यास शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकाची वाट पाहावी लागली. एकशें चाळीस वर्षांचें हें अंतर लहान नाहीं.

आणखी एक वांटणी घराच्या आंतली. पातेल्यांतील फोडी प्रथम पाहुण्याच्या, मग पुरुषांच्या, मग मुलांच्या ताटांत पडत. जिनें पाट्यावर वाटण वाटलें तिची पाळी शेवटीं येई, तेव्हां पातेल्यांत रस्साच उरे. सकाळचा काला हा अनेक घरीं तिचा खरा वांटा होता. रात्रीं जें तिच्यापर्यंत पोंचलें नाहीं तें मुरून, आटून, अधिक चवदार होऊन तिच्याकडे येई, तेंही मुलें उठण्याआधीं खाल्लें तर. त्या काल्याची चव घरांतल्या इतरांस लागली म्हणजे तोही पुढें वांटला जाई.

आतां शीतकपाट खेड्यापाड्यांत गेलें आहे, मटण आठवड्यास येऊं लागलें आहे आणि बऱ्याच घरीं सर्व मंडळी एकदमच जेवावयास बसतात. त्यामुळें रस्सा पूर्वीसारखा आपोआप उरत नाहीं. म्हणून जेवण वाढण्यापूर्वींच गृहिणी दोन वाट्या रस्सा आणि दोन भाकरी बाजूला काढून झांकून ठेवते, आणि कोणी हात लावूं गेला तर तो सकाळसाठीं आहे म्हणून सांगते.