बैठ्या खेळांची बैठक

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं छोटं गाव आहे. १९६८ साली तिथे गॅरी गायगॅक्स या विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या गृहस्थाने गावातला एक हॉल भाड्याने घेतला आणि टेबलावर लुटुपुटीच्या लढाया खेळणाऱ्यांना बोलावलं. हे पहिलं ‘जेनकॉन’. पुढच्याच वर्षी तिथे त्याची डेव्ह अर्नेसनशी ओळख झाली आणि १९७४ मध्ये या दोघांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या अद्‌भुत जगातलं आपापलं पात्र चालवायचं, असा हा खेळ. जेनकॉन आता इंडियानापोलिसला भरतं. २०२३ मध्ये तिथे ७०,०००हून अधिक माणसं आली होती.

एवढी माणसं तिथे फक्त फासे टाकायला जात नाहीत. खेळाच्या टेबलांशेजारी परिसंवाद आणि व्याख्यानं चालतात: नियम कसे लिहावेत, काल्पनिक राज्याचा इतिहास कसा रचावा, जुना खेळ नव्याने कसा मांडावा. खेळ हा गंभीरपणे बोलण्याचा विषय आहे, हे तिथे गृहीतच धरलेलं असतं.

मी खाप्याचा. सावनेर तालुक्यातलं, कन्हानकाठचं, हातमागावर वाढलेलं हे गाव. इथल्या बायका दुपारी कांड्या भरून झाल्या की ओसरीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखत आणि चौकाबारा मांडत. कवड्या नसल्या तर फोडलेले चिंचोके चालत. सोंगट्या म्हणजे बांगड्यांचे तुकडे, खडे, बिया. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरायचं नाही, हा माझ्या आजीच्या घरचा नियम. दोन घरं सोडून राहणाऱ्या काकूंना तो मान्य नव्हता. त्यावरून होणारी वादावादी हाच आमच्याकडचा परिसंवाद. तो कुणी टिपून ठेवला नाही.

विदर्भात खेळांचे नियम लिहिणारी माणसं नव्हती, असं मात्र नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या खेळाडूंनी तिथे जाऊन देशी खेळ दाखवले. त्याच १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोला लेखी नियम दिले. नियम लिहिले गेले, म्हणून एका गावचा संघ दुसऱ्या गावच्या संघाशी खेळू शकला. मैदानी खेळांना समित्या मिळाल्या, पंच मिळाले, स्पर्धा मिळाल्या. मग ओसरीवरच्या खेळांना का मिळाल्या नाहीत?

मला दोन कारणं दिसतात. पहिलं, त्या काळात खेळ म्हणजे शरीर कमावणं आणि राष्ट्र उभं करणं. त्यात दुपारी बसून चिंचोके टाकणाऱ्या बायका कुठेच बसत नव्हत्या. दुसरं कारण कायद्याचं. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मध्य प्रांतालाही, म्हणजे नागपूरलाही, लागू होता. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट होती. बुद्धिबळ सहज सुटलं. कवड्यांचं दान मात्र नशिबाचं. घरच्या ओसरीवर कुणी धाड घालत नव्हतं, पण शिकलेल्या माणसाला ज्याबद्दल चारचौघांत अभिमानाने बोलावं असं वाटेल, त्या यादीतून हा खेळ गळाला. आपल्याकडे द्यूत म्हटलं की आधी महाभारतातली सभा आठवते, त्याचीही भर पडली असणार.

एक अपवाद सांगायलाच हवा. १८७१ साली औरंगाबादच्या हरिकृष्ण शास्त्रींनी ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि बैठ्या खेळांची माहिती एकत्र केली. जेनकॉनच्या जवळपास शंभर वर्षं आधी मराठवाड्यातला एक पंडित हे काम करत होता. पण ग्रंथ संस्कृतात, आणि खेळणाऱ्या बायका मराठीत, आमच्याकडे वऱ्हाडी-नागपुरीत भांडणाऱ्या. ज्या खेळत होत्या त्यांना कुणी विचारलं असतं, तर एकाच खेळाच्या दहा रीती नोंदल्या गेल्या असत्या.

आता नागपुरातली तरुण मुलं परदेशी बोर्डगेम मागवतात, जाडजूड नियमपुस्तिका वाचतात, त्यातल्या एका ओळीवरून तासभर वाद घालतात. मला त्यांचं कौतुक वाटतं. वाद घालण्याची ही चटक त्यांनी खाप्याच्या ओसरीपर्यंत आणावी. जेनकॉनसारखा हॉल लागत नाही. एक दुपार, एक वही आणि सत्तरी ओलांडलेल्या चार बायका पुरेत. त्यांचं एकमत होणार नाही. तेव्हा चारही नियम लिहावेत, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या घरचा, तेही लिहावं. मागांचा खडखडाट गावात कमी होत चालला आहे, आणि या खेळाच्या जाणकारही. वही उघडायला आणखी दहा वर्षं थांबलो, तर विचारायला कुणी उरणार नाही.