मोटारीचा धनी कोण?

वस्तु विकत घेतली कीं ती आपली झाली, ही समजूत इतकी रूढ आहे कीं तिला कोणी पुरावा विचारीत नाहीं. घराचा धनी वाटेल त्या गवंड्याकडून भिंत दुरुस्त करून घेतो. घड्याळाचा धनी वाटेल त्या घड्याळजीकडे जातो. मोटारीच्या धन्याला मात्र हा साधा हक्क टिकविण्यासाठीं तीनदां भांडावें लागलें: प्रथम सुट्या भागांसाठीं, मग यंत्रांतील संकेतांसाठीं, आणि अखेरीस मोटार चालतां चालतां जी माहिती दूर धाडते तिच्यासाठीं. ह्या भांडणाची मुख्य रणभूमि अमेरिका ही होय. तथापि ज्यांच्या दारीं मोटार उभी आहे, अशा आपल्याकडील कुटुंबांनींहि हा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे.

इ. स. १९०८ मध्यें फोर्ड कंपनीनें ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारांत आणली आणि १९२७ पर्यंत तशा दीड कोटींहून अधिक गाड्या बनविल्या. एका गाडीचा भाग दुसरीस बेमालूम बसे, आणि यंत्राचें बहुतेक काम डोळ्यांनीं पाहून समजे. दुरुस्तीचा हक्क म्हणून कांहीं निराळी वस्तु असते, हें तेव्हां कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हतें. ज्ञान उघडें होतें तोंवर हक्काला नांव द्यावें लागलें नाहीं.

पहिला खटका उडाला तो कापडी छपरावरून. उघडझांक करतां येणाऱ्या मोटारीच्या छपराचें कापड सुमारें तीन वर्षांत विटे किंवा फाटे; सांगाडा मात्र शाबूत राही. छपराच्या एकंदर रचनेचें पेटंट ज्यांच्या हातीं होतें त्यांचें म्हणणें असें कीं, नवें कापडहि आमच्या परवानगीवांचून कोणीं पुरवूं नये. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें १९६१ सालीं हें म्हणणें अमान्य केलें. झिजलेला भाग बदलणें ही दुरुस्ती आहे, नवनिर्मिति नव्हे. आणि दुरुस्ती हा धन्याचा अधिकारच आहे, असा त्या निकालाचा आशय.

पुढें मोटारींत संगणक शिरला आणि दोष डोळ्यांना दिसेनासा झाला. १९९० सालीं अमेरिकेनें हवेच्या शुद्धतेचा कायदा सुधारला. त्यास अनुसरून १९९६ पासून तेथील नव्या मोटारींत दोष सांगणारी यंत्रणा व तिला जोडण्यासाठीं सोळा पिनांचा एकाच नमुन्याचा सॉकेट आला. धुरासंबंधींचे संकेत सर्वांना वाचतां येऊं लागले. परंतु इतर कित्येक संकेतांची उकल कंपन्यांनीं आपल्यापाशींच ठेवली. तेव्हां मॅसॅच्युसेट्स राज्यांतील मतदारांपुढें हा प्रश्न २०१२ च्या नोव्हेंबरांत आला, आणि शेंकडा सुमारें ८६ मतें धन्याच्या बाजूनें पडलीं. कंपन्यांच्या अधिकृत दुकानांना मिळणारी माहिती व साधनें रास्त किंमतींत इतरांनाहि मिळावीं, असा कायदा झाला. आणि २०१४ च्या जानेवारींत कंपन्यांनीं तोच नियम साऱ्या देशापुरता मान्य केला.

येथें प्रकरण मिटावयास हवें होतें. पण गाडींतून बिनतारी मार्गानें कंपनीकडे जाणारी माहिती ह्या कायद्यानें बव्हंशीं वगळली होती, आणि पुढचें कुलूप नेमकें तेथेंच लागलें. सॉकेट खुला राहिला. माहिती मात्र दुसऱ्या दारानें जाऊं लागली. म्हणून २०२० सालीं त्याच राज्यानें पुन्हां कौल घेतला. शेंकडा सुमारें ७५ मतांनीं ठरलें कीं, २०२२ पासूनच्या नमुन्यांत ही माहितीहि धन्याला व त्यानें निवडलेल्या मिस्त्र्याला मिळावी. कंपन्यांच्या संघानें लगेच दावा लावला. सुबारू व किया ह्यांनीं तर त्या राज्यांत नव्या गाड्यांतील बिनतारी सोयच बंद ठेवली. २०२३ च्या जूनमध्यें रस्ते-सुरक्षेच्या मध्यवर्ती खात्यानें हा कायदा पाळूं नये असें कंपन्यांना कळविलें आणि ऑगस्टांत तें धोरण सौम्य केलें. त्याच वर्षीं मेन राज्यानेंहि मोठ्या बहुमतानें तसाच कौल दिला. पुढें २०२५ च्या फेब्रुवारींत जिल्हा न्यायालयानें कंपन्यांचा दावा फेटाळला.

कंपन्यांचा आक्षेप अगदींच पोकळ होता असें मात्र नव्हे. दूरवरून गाडीशीं बोलतां आलें तर चोरहि बोलेल, असें त्यांचें म्हणणें. २०१५ सालीं चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलासेक ह्या दोघां संशोधकांनीं रस्त्यावर धांवणारी एक जीप मैलोगणती दुरून ताब्यांत घेऊन दाखविली, आणि कंपनीस सुमारें चौदा लक्ष गाड्या दुरुस्तीस्तव परत बोलवाव्या लागल्या. पण ह्या प्रसंगाचा बारकाईनें विचार केल्यास तो उलटच साक्ष देतो. त्या वेळीं किल्ली कंपनीच्याच हातीं होती. गुप्ततेनें गाडीचें रक्षण केलें नाहीं. दोष उघडकीस आणला तो बाहेरच्यांनीं. सुरक्षिततेसाठीं मजबूत कुलूप लागतें. धन्याला किल्ली नाकारणें हें कांहीं कुलूप नव्हे.

आपल्या देशांतहि हा वाद झाला आहे. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार-कंपन्यांना सुमारें २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण अस्सल सुटे भाग व दोष तपासण्याचीं साधनें त्यांनीं खुल्या बाजारांत येऊं दिलीं नव्हतीं. ज्या मिस्त्र्यानें कानानें इंजिन ओळखावें, गरजेपुरतें उघडावें आणि ऐपतीप्रमाणें पैसे घ्यावे, त्याचा धंदा ह्यांत पणाला लागतो. आणि त्याच्याबरोबर मध्यम स्थितींतील कुटुंबाची जुनी गाडी आणखी पांच वर्षें चालविण्याची शक्तीहि.

हा सारा इतिहास एकत्र पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. कायद्यानें प्रत्येक वेळीं दाराचें नांव घेतलें: आधीं कापड, मग सॉकेट, मग बिनतारी वाट. दार बदललें कीं कायदा मागें पडला. म्हणून ह्यापुढें हक्क लिहावयाचा तो दारावर न लिहितां ज्ञानावर लिहिला पाहिजे. वस्तु ज्याची, त्या वस्तूविषयीं तिच्या कर्त्याला जें कळतें, तें त्या धन्याला विचारतां आलें पाहिजे. एवढें कबूल नसेल, तर आपण मोटार विकत घेतली असें न म्हणतां ती वापरावयास मिळाली असें म्हणावें, आणि किंमतहि त्याच हिशेबानें द्यावी.