खाप्याची शिळावर्तुळे आणि रिकामी कबर

नागपूर जिल्ह्यात खाप्याचे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कन्हान नदीच्या काठी वसलेले, कोष्ट्यांच्या मागांसाठी पूर्वापार ओळखले जाणारे आणि १८६७ सालापासून नगरपालिकेचा मान मिरविणारे सावनेर तालुक्यातील गाव उभे राहते. परंतु ज्या खाप्याची हकीकत येथे सांगावयाची आहे ते नागपूरच्या दक्षिणेस, बुटीबोरीच्या बाजूला, टाकळघाटाच्या शेजारी असलेले लहानसे खेडे होय, आणि त्याची विद्वानांत जी काही कीर्ती झाली ती तेथे राहणाऱ्यांमुळे नव्हे, तर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी तेथे पुरल्या गेलेल्या मृतांमुळे झाली.

या मुलखातील काळ्या जमिनीत मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडलेले आढळतात, आणि ते कोणी मांडले याचा पत्ता कोणत्याही कचेरीच्या दप्तरात लागत नाही. नागपूर विद्यापीठाचे प्राध्यापक शां. भा. देव यांनी १९६८-६९ साली या जागेचे पद्धतशीर उत्खनन केले, तेव्हा टाकळघाटास त्या लोकांच्या वस्तीची पांढर आणि खाप्यास त्यांची दफनभूमी, असा जोड पुरावा हाती आला. वर्तुळाच्या पोटातील माती आणि मुरूम उपसला असता खाली सापडली ती काळ्या-तांबड्या मातीची भांडी, लोखंडी हत्यारे, आणि घोड्याच्या अस्थी. म्हणजे ज्यास निरोप द्यावयाचा त्यास पुढच्या मुक्कामी ताटवाटी लागेल, शस्त्र लागेल, बसावयास वाहन लागेल, असा पूर्ण विचार करून, आणि लोखंड ही काही त्या काळी स्वस्त वस्तू नसताना, मागे राहिलेल्यांनी आपल्या घरातले काढून त्याच्याबरोबर दिले होते. मृत्यूनंतर काहीच नाही असे मानणारा मनुष्य घोडा पुरीत नाही.

या वर्तुळांकडे जिज्ञासेने पाहणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडातील फ्री चर्चचा पाद्री होता. तो १८४५ साली, भोसल्यांची गादी अजून कायम असताना, नागपुरास आला, पुढच्याच वर्षी त्याने शहरात शाळा काढली, आणि धर्मोपदेशाच्या कामातून जो वेळ उरे तो दगड फोडण्यात घालविला. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्याने नागपूरच्या आसपासच्या भूस्तरांचा जो तपशील लिहून काढला तो आजही भूगर्भशास्त्रज्ञांना टाकता येत नाही. सिल्लेवाड्याच्या वालुकाश्मात त्यास ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडले, आणि एका खनिजास तर त्याचेच नाव मिळून ते हिस्लोपाइट झाले. आठवडाभर कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या पानांच्या शिरा मोजावयाच्या आणि रविवारी उठून मेलेला मनुष्य तिसऱ्या दिवशी जिवंत झाला असे सांगावयाचे, यात विसंगती आहे असे पुष्कळांस वाटेल. मला तसे वाटत नाही. मृत्यूचा पसारा इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाने ती कथा सांगितली तर ती भाबडेपणाने सांगितली असा आरोप तरी त्याच्यावर येऊ नये.

१८६३ सालच्या सप्टेंबरात मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचा मुक्काम बोरीस पडला होता. तेथून ही प्राचीन वर्तुळे पाहण्यास सर्व मंडळी टाकळघाटास गेली आणि हिस्लॉपही त्यांच्यात होता. पाहणी उरकल्यावर इतर लोक परतले. हिस्लॉप मात्र तेथील शाळेतील मुलांची परीक्षा घेण्यासाठी मागे राहिला आणि उशिरा एकटाच घोड्यावर निघाला. सकाळी सहज ओलांडलेला नाला मधल्या पावसाने फुगला होता. ४ सप्टेंबरच्या त्या रात्री छावणीत घोडा परत आला, स्वार आला नाही. शोध केल्यावर त्याचा देह पाण्यात सापडला. सेहेचाळीसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर होता. ज्या भूमीत एके काळी स्वाराबरोबर घोडा मातीत जात असे, त्या भूमीतून निघालेला घोडा या वेळी एकटाच परतावा, हा योगायोग इतका ठळक आहे की कादंबरीकाराने योजला असता तर आपण त्यास नावे ठेवली असती.

त्याच्या नागपुरातील शिष्यांनी अशा वेळी पुनरुत्थानाची जी कथा एकमेकांस सांगितली असेल ती मराठीत काही नवी नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’त, १६१६ सालीच, ती ओवीबद्ध केलेली होती. येशूचा देह अरिमथाईकर योसेफाने खडकात खोदलेल्या नव्या कबरेत ठेविला आणि तोंडाशी मोठी धोंड लोटली. शब्बाथ संपल्यावर पहाटे काही बाया सुगंधी द्रव्ये घेऊन तिकडे निघाल्या. त्यांच्या मनात आशा नव्हती, हे नीट लक्षात घ्यावे. त्या निघाल्या होत्या प्रेताचे राहिलेले संस्कार करावयास, आणि वाटेने त्यांची काळजी एवढीच होती की ती धोंड आपल्यासाठी कोण सरकवील. शोकात बुडालेल्या घरात माणसे अशाच क्षुल्लक विवंचनेला धरून उभी असतात. कबरेपाशी जाऊन पाहतात तो धोंड बाजूस झालेली, आत देह नाही, प्रेतवस्त्रे तेवढी पडलेली. मरीया मग्दालीयेला समोर उभा असलेला मनुष्य माळी वाटला, आणि त्याने नावाने हाक मारली तेव्हाच तिने त्यास ओळखले.

खाप्याच्या वर्तुळांपुढे ही कथा ठेवून वाचली म्हणजे तिच्यातील दिलाशाचे मर्म मला अधिक स्पष्ट दिसते. खाप्यास शिदोरी दिलेली आहे, दगड जागचा हललेला नाही, आणि हजारो वर्षांनी उकरले तेव्हा सर्व चीजवस्तू जिथल्या तिथे मिळाल्या; यरुशलेमच्या कबरेबाहेर बायांच्या हातची सुगंधी द्रव्येच निरुपयोगी झाली. दोन्हीकडे प्रेम एकच आहे, दोन्हीकडे घरातील मोलाची वस्तू मृतासाठी आणलेली आहे. पण पहिल्या श्रद्धेत मृतास दूरच्या प्रवासाला पाठवणी आहे, तर दुसरीत गेलेला मनुष्य परत येऊन सरोवराच्या काठी विस्तवावर मासे भाजतो आणि थकलेल्या कोळ्यांना न्याहारीस बोलावितो. ज्यांचे माणूस गेले आहे त्यांना तत्त्वज्ञान नको असते. त्यांना ती न्याहारी हवी असते. काही मराठी ख्रिस्ती मंडळ्या ईस्टरच्या पहाटेची उपासना दफनभूमीतच करतात, ती याच भावनेने.

हिस्लॉपच्या मागे त्याचे कागद राहिले. ते टेंपलने १८६६ साली प्रसिद्ध केले, आणि त्यांत गोंडांच्या लिंगोचे लांबलचक गीत आहे. त्या गीतात लिंगोला त्याचेच भाऊ मारून टाकतात, कागेसर नावाचा कावळा त्याचा शोध लावतो, अमृत शिंपडल्यावर तो उठून बसतो, आणि उठल्यावर स्वतःच्या मारेकऱ्यांचा सूड न घेता गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडविण्यास निघतो; त्या गुहेच्या तोंडावर सोळा हात लांबीची शिळा ठेवलेली असते. ज्या पाद्र्याने गोंडांना पुनरुत्थान सांगावयास यावे, त्याच्याच दप्तरात गोंडांनी आपले पुनरुत्थान लिहवून ठेवावे! दोन्ही कथांचे मूळ एक आहे असे म्हणण्याचा उतावीळपणा मी करणार नाही, कारण एक कथा रोमन अंमलातील एका सुभेदाराचे नाव घेऊन इतिहासात पाय रोवते आणि दुसरीस सनावळीची फिकीर नाही. परंतु जिवंत होऊन उठलेल्याने प्रथम आपल्या माणसांकडे जावे, ही अपेक्षा सातपुड्याच्या रानातही तीच होती.

याच नागपुरात काही वर्षे संस्कृत ग्रंथांचे काम करून राहिलेले नारायण वामन टिळक १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासास निघाले, तेव्हा आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर काही वर्षांनी, स्वतःच्या वाटेने आणि स्वतःच्या हिशेबाने. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र सुमारे अकरा अध्यायांवर अडलेले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या विधवेने ते पुढे उचलले, आणि ज्या कथेच्या पहिल्या भागापाशी पतीची लेखणी थांबली होती तिच्या वधस्तंभापर्यंत व रिकाम्या कबरेपर्यंतचा मजकूर ओवीमागून ओवी रचीत नेला. तिने स्वतः रचलेले असे चौसष्ट अध्याय. सांत्वन तिला कोणी आणून दिले नाही, तिने ते यमक जुळवीत जुळवीत मिळविले, असे मी समजतो. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या, आणि ग्रंथ १९३८ साली छापून निघाला.