तळटीप : थिनरची वाफ
रंगकामाच्या थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असते. श्वासातून आत गेलेल्या त्याच्या वाफेपैकी साधारण निम्मी फुप्फुसांतून रक्तात उतरते आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत जाते. अंगमेहनत करणाऱ्याला धाप लागते, म्हणून त्याच्या वाट्याला ती जास्त येते. रक्तात उतरलेल्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा उच्छ्वासातून जसाच्या तसा परततो. उरलेल्याचे यकृतात बेंझोइक आम्ल होते, ते ग्लायसिनशी जोडले जाऊन हिप्युरिक आम्ल बनते आणि लघवीवाटे निघून जाते. चरबीत साठलेला अंश मात्र सावकाश, कित्येक तास झिरपत राहतो. नाकाला बांधलेल्या रुमालाने धूळ अडते, वाफ अडत नाही. त्यासाठी खेळती हवा आणि सक्रिय कोळशाच्या गाळणीचा मास्कच हवा.